वैनगंगेकाठची सहल

सुटीत मुलांना कोठे न्यावे, हा प्रश्न निघाला की आपल्या घरांतून दूरच्या शहरांची नावे पुढे येतात. आम्हांस मात्र वाटते, पहिली सहल आपल्याच जिल्ह्यात व्हावी.

हा मुलूख १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. पुढे १८६७ मध्ये भंडारा, शिवनी व मंडला यांचे भाग जोडून इंग्रजांनी बालाघाट जिल्हा केला. लांजीच्या पडक्या किल्ल्यात मुले मनसोक्त हुंदडतील. तेथेच त्यांना गोंड राजांची आणि भोसल्यांची हकिकत सांगावी.

कान्हा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे मुक्की प्रवेशद्वार आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथील बाराशिंगे १९७० च्या सुमारास अवघे ६६ उरले होते. कुरणे राखली, तेव्हा त्यांचे कळप पुन्हा शेकड्यांनी वाढले.

सातपुड्यात चढणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी मात्र २०१५ मध्ये थांबली. आता मोठी गाडी धावते. छोटीची गोष्ट आजोबांनीच सांगायची.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. वैनगंगा मात्र शिवनीत उगम पावून, बालाघाटातून भंडाऱ्याकडे पूर्वीसारखीच वाहते. तिच्या काठी शिदोरी सोडावी आणि या गोष्टी मराठीतच सांगाव्या. कुरण राखले तर कळप वाढतो. भाषेचेही तसेच आहे.