तोंडपाठ सरकार

१९४४चा हिवाळा. नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकाठी तुम्ही उभे आहात. आत नेहरू, पटेल, मौलाना आझाद. ऑगस्ट १९४२पासून कैदेत. पहारेकरी रोखून बघतो, तशी तुमची पावलं उचलतात. याच नगरचे अच्युतराव पटवर्धन मात्र अजून कुणाच्या हाती लागलेले नाहीत. भूमिगत राहून ते साताऱ्याच्या प्रतिसरकारला दिशा देताहेत. ते सरकार तुम्हाला डोळ्यांनी बघायचंय.

दौंड, पुणे, मग मिरजेची गाडी. किर्लोस्करवाडीला उतरून अंधारातच कुंडलची वाट धरता. गाव औंध संस्थानातलं. बांधावर प्रतिसरकारच्या तुफान सेनेचा पोरगा आडवा येतो.

"कुठलं गाव, पाव्हणं?"

"नगर."

"लांबनं आलायसा की. चला."

देवळापुढं कंदील. न्यायदान मंडळासमोर दोन भाऊ बसलेत, मध्ये बांधाचा तंटा. वकील नाही, स्टँप नाही. शेजाऱ्यांच्या साक्षी होतात आणि सरकलेला दगड जुन्या जागी न्यायचं ठरतं. थोरला मान हलवतो. धाकटा बराच वेळ गप्प राहून मग त्याच्याकडं चंची सरकवतो. गुन्हेगारांच्या तळव्यांना पत्री ठोकतात म्हणून लोक प्रतिसरकारला 'पत्री सरकार' म्हणतात. तो धाक खोटा नाही. पण नुसत्या धाकानं असली चंची पुढं येत नाही.

या राज्याला नाणं नाही, राजपत्र नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांनी दिलेलं ब्रीद तेवढं आहे: आपुला आपण करू कारभार. चार शब्द, ओवीसारखे. शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही ते येतात.

आणि राष्ट्रगीत? डफावर थाप पडते, तुणतुणं लागतं. या मुलखात शाहीर शंकरराव निकमांचे पोवाडे गाजताहेत. त्यांना ते लिहून देणाऱ्यांत तरुण ग. दि. माडगूळकर आहेत, औंध संस्थानातल्याच माडगूळचे. कालची झटापट, परवाची धाड आज पोवाड्यात येते, म्हणून हे गीत रोज वाढतं. बायका कडेवरच्या पोरांसकट 'जी जी'ला साथ देतात. तुमच्या अंगावर काटा येतो. खिशातली पेन्सिल काढता, तर शेजारचा आजा मनगट धरतो.

"कागूद नगं. झडतीत सापडतो. पाठ करा."

उजाडेपर्यंत तुम्ही घोकत बसता.

परतताना दौंडच्या फलाटावर शिपाई तुमची पिशवी उलटी करतो. भाकरी, कांदा, धोतर. तो पुढं जातो. गाडी हलते, आणि नगर येईपर्यंत तुमचे ओठ हलत राहतात.