वय-प्रमाणित मृत्युदर

वयोरचना भिन्न असलेल्या लोकसंख्यांच्या मृत्युमानाची तुलना करण्यासाठी काढलेला दर. वर्षभरातील मृत्यूंना मध्यवर्षीय लोकसंख्येने भागून दरहजारी मांडले की ढोबळ मृत्युदर मिळतो. तो काढायला सोपा, पण तुलनेत हमखास फसवतो. भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये केरळचा ढोबळ दर ७.०, तर बिहारचा ५.४ होता, त्याच वर्षी अर्भक मृत्युदर मात्र केरळात ६ आणि बिहारमध्ये २७. केरळात वृद्ध अधिक, म्हणून मृत्यूही अधिक. एवढेच त्यामागचे इंगित.

प्रत्यक्ष पद्धतीत प्रत्येक वयोगटाचा दर एकाच प्रमाण लोकसंख्येला लावतात. समजा, अ प्रदेशात साठीखालचा दर २ व साठीवरचा ४० आहे आणि वृद्ध ८ टक्के आहेत. ब प्रदेशात दर १.५ व ३५, पण वृद्ध १७ टक्के. ढोबळ दर अनुक्रमे ५.० व ७.२ येतात. दोन्हींकडे १० टक्के वृद्ध धरले, तर ते ५.८ व ४.९ होतात, क्रम चक्क उलटतो.

वयोगटनिहाय दर उपलब्ध नसतील किंवा लोकसंख्या लहान असेल, तर अप्रत्यक्ष पद्धतीने प्रत्यक्षात झालेल्या व प्रमाण लोकसंख्येच्या दरांनुसार अपेक्षित मृत्यूंचे गुणोत्तर काढतात.

प्रमाणित दर हा केवळ तुलनेचा आकडा असतो. तेवढे मृत्यू कुठेच झालेले नसतात. प्रमाण लोकसंख्या बदलली की तोही बदलतो. अमेरिकेने १९४० ऐवजी २००० ची प्रमाण लोकसंख्या स्वीकारताच तिथले दर बरेच वाढलेले दिसले. त्यामुळे वेगवेगळ्या प्रमाणांवर बेतलेले दर शेजारी मांडू नयेत.