पाण्यामागे वस्ती, वस्तीमागे शाळा

सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीच्या शाळेचा पट हाती घेतला, की मला त्यात आधी पाऊस दिसतो, मग पीक आणि मग मुले.

जिल्हा अवाढव्य, जवळपास 14,900 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला माणसे 290. राज्याची सरासरी 365. त्यातून सोलापूर शहराची साडेनऊ लाख माणसे वजा केली, तर सव्वादोनशेच्या आसपासच उरतात. ही विरळाई जुनी आहे. 1872 साली जिल्ह्यात 7 लाख 19 हजार लोक होते. 1876-77 चा दुष्काळ पडला आणि 1881 च्या शिरगणतीत ते 5 लाख 82 हजारांवर आले. काही मेले, काही देशोधडीला लागले.

उरलेला माणूस गावठाण धरून राहिला. रब्बी ज्वारीला रोज रानात राहावे लागत नाही. पेरावे, राखावे, काढावे. त्यामुळे लोकल बोर्डाची एक शाळा चावडीजवळ असली, तरी साऱ्या गावाला पुरे. 1962 साली ती जिल्हा परिषदेकडे आली तेव्हाही हेच चित्र होते.

ते बदलले पाण्याने. आधी विहिरींवर इंजिने आली, मग विजेच्या मोटारी, आणि 1980 साली भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. कालव्याखाली ऊस उभा राहिला. रात्री-अपरात्री वीज आली की पाणी द्यायचे, दुभती जनावरे सांभाळायची, म्हणजे बिऱ्हाड रानातच हवे. भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि एकेका गावाच्या दहा-बारा वस्त्या झाल्या. माणसे वाढली, पण विखुरली. शाळा मात्र गावठाणातच राहिली. पहिलीतल्या पोराने पावसाळ्यात काळ्या रानातून दोन किलोमीटर चालायचे कसे? म्हणून 2000 नंतर वस्तीशाळा निघाल्या. गावातलाच शिकलेला तरुण तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक झाला. माझ्या मते आपल्याकडची ही फार शहाणी योजना होती.

आज त्याच शाळांचे पट रोडावले आहेत. घरात मुले कमी, आणि उसाचे बिल हाती आले की इंग्रजी शाळेची फी भरली जाते. तिची पिवळी गाडी फाट्यापर्यंत येते. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले. अशा शाळा राज्यात 14 हजारांहून अधिक होत्या. दहा मुलांमागे दोन शिक्षक म्हणजे खर्च जास्त, हे खरेच. पण माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या लहानशा शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हेही विसरू नये.

शिवाय पटावर उरतात ती सालगड्याची, मजुराची मुले. त्यांना फाट्यापर्यंत सोडायला कुणी नसते. हंगामात माळशिरस-पंढरपूरच्या उसात बीडकडचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, कोपी घालतात. इकडे मंगळवेढ्याच्या कोरड्या गावांतली माणसे ऊसतोडीला बाहेर जातात. त्यांच्याबरोबर पोरेही हलतात. शिक्षकांची पदे ठरवताना पट धरतात तो 30 सप्टेंबरचा. ऊसतोड सुरू होते दिवाळीच्या आगेमागे.