कोल्विट्झ, केटे

(८ जुलै १८६७ – २२ एप्रिल १९४५). जर्मन मुद्राचित्रकर्ती व शिल्पकार. जन्म क्योनिग्सबर्ग (आजचे रशियातील कालिनिनग्राद) येथे. कलाशिक्षण बर्लिन व म्युनिक येथे. माक्स क्लिंगरच्या अम्लरेखनांच्या प्रभावाने ती रंगचित्रे सोडून मुद्राचित्रांकडे वळली. १८९१ मध्ये कार्ल कोल्विट्झ या डॉक्टरशी विवाह होऊन ती बर्लिनच्या कामगारवस्तीत राहू लागली.

कामगारांची चित्रे तिने सुरुवातीला कणवेपोटी काढली नाहीत. त्यांचे जगणे तिला सुंदर वाटे, असे तिनेच नमूद केले आहे. कणव नंतर आली, नवऱ्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या हकिगती ऐकून. तिची गरीब माणसे केविलवाणी दिसत नाहीत, याचे मूळ बहुधा या क्रमात असावे. गेरहार्ट हाउप्टमानचे ‘विणकर’ हे नाटक १८९३ मध्ये पाहून तिने ‘विणकरांचा उठाव’ (१८९३–९७) ही सहा चित्रांची माला केली. तिच्यासाठी सुचवलेले पदक कैसरने नाकारले.

‘मृत मुलासह स्त्री’ (१९०३) या अम्लरेखनासाठी आपल्या सात वर्षांच्या मुलाला, पेटरला, कुशीत धरून ती आरशासमोर बसली व स्वतःलाच रेखाटत गेली. चित्रातली आई मांडी घालून बसली आहे आणि मुलाच्या निपचित देहाला अशी कवटाळते आहे, की तिथे शोकापेक्षा भूक दिसावी. हाच पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये युद्धात मारला गेला. तो अठरा वर्षांचा होता. त्याला भरती होऊ द्यावे म्हणून बापाचे मन तिनेच वळवले होते. त्याच्या स्मारकाला सुमारे अठरा वर्षे लागली. ‘शोकमग्न मातापिता’ (१९३२) मध्ये मुलगा नाही. गुडघे टेकलेले आईबाप वेगवेगळ्या चौथऱ्यांवर आहेत, एकमेकांना स्पर्शही न करता.

एर्न्स्ट बारलाखची काष्ठमुद्रणे १९२० मध्ये पाहिल्यावर तिने तपशील गाळले. उरले चेहरे, हात आणि काळोख. ‘युद्ध’ (१९२१–२२) या मालेत रणांगण कुठेच नाही, बहुतेक चित्रे मागे राहिलेल्यांची आहेत.

१९३३ मध्ये नाझींनी तिला प्रशियन कला अकादमीतून बाहेर पडायला लावले. मृत्यू ड्रेस्डेनजवळील मोरित्सबुर्ग येथे, युद्ध संपायला दोन आठवडे उरले असताना. तिचे सुमारे ३८ सेंमी. उंचीचे आई-मुलाचे शिल्प १९९३ मध्ये कैक पटींनी मोठे करून बर्लिनच्या राष्ट्रीय स्मारकात बसवण्यात आले. त्या वाढवलेल्या आकारावर बरीच टीका झाली.