पालव्याच्या गळ्यातलं मांस

कोल्हापुरात आमच्या आबांचं मटणाचं दुकान होतं. बकरं सोलताना श्वासनळीच्या दोन्ही अंगांना फिकट गुलाबी, मऊ मांसाचा पट्टा निघायचा. कोवळ्या पालव्यात तो भरघोस असायचा, थोराड बोकडात जवळपास नसायचाच. या पट्ट्याला डॉक्टर काय म्हणतात ते आबांना ठाऊक नव्हतं, पण त्याच्याविषयीचं त्यांचं ज्ञान पक्कं होतं. पालवं कोवळं असून गळ्यात काही हाती लागलं नाही, की ते म्हणत, “ह्ये आजारातनं उठलेलं हाय, न्हाईतर उपाशी ऱ्हायलंय.” बहुतेक वेळा चौकशी केल्यावर तसंच निघायचं.

मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेल्यावर या पट्ट्याचं नाव कळलं, थायमस. माणसाचा गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना घशाच्या भागातून दोन अंकुर फुटतात, खाली सरकत छातीच्या हाडामागे येतात आणि मधोमध एकमेकांना चिकटतात. बकऱ्यात त्यांचा बराचसा भाग गळ्यातच राहतो, म्हणून आबांच्या सुरीला तो सापडे. माणसाच्या नवजात बाळात थायमसचं वजन १० ते १५ ग्रॅम असतं, वयात येईपर्यंत ते ३०-४० ग्रॅमपर्यंत जातं आणि मग ग्रंथी हळूहळू चरबीत विरत जाते. आमच्यासमोरची शवं प्रौढांची होती. थायमसच्या जागी पिवळी चरबीच दिसायची.

ही शवं कुणाची, हा प्रश्न या ग्रंथीच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे १९४९च्या मुंबई राज्याच्या शरीररचनाशास्त्र कायद्यानं बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळू लागले. इंग्लंडात तसा कायदा १८३२ मध्येच झाला होता. दोन्हीकडे टेबलावर आला तो गरीब माणूस, दीर्घ आजारानं आणि अर्धपोटी राहून गेलेला. आजार आणि उपासमार यांनी थायमस भराभर आटते. लहान मुलांची शवंही अशाच घरांतली. त्यामुळे डॉक्टरांच्या पिढ्यांनी आटलेली थायमस पाहिली आणि तीच निरोगी बाळाची थायमस म्हणून ग्रंथांत नोंदवली.

याची फार मोठी किंमत बाळांनी मोजली. धडधाकट मूल झोपेत अचानक दगावलं, की शवविच्छेदनात त्याची थायमस ‘मोठी’ भरायची. ती मोठी नव्हतीच, ती जशी असायला हवी तशी होती. बाझलच्या फेलिक्स प्लॅटर यांनी १६१४ मध्ये बाळाच्या मृत्यूचा दोष वाढलेल्या थायमसवर ठेवला होता. १८८९ मध्ये व्हिएन्नाच्या आर्नोल्ड पाल्टाउफ यांनी अशा मृत्यूंना एका आजाराचं रूप दिलं. १९०७ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या आल्फ्रेड फ्रीडलेंडर यांनी बाळाची थायमस क्ष-किरणांनी आटवली आणि मग ती रीतच पडली. कुठल्याही लक्षणाशिवाय, नुसत्या धास्तीपोटी, हजारो बाळांच्या गळ्याखाली किरण सोडले गेले. स्वीडनमधले ऑगस्ट हामर सांगत राहिले, की निरोगी माप हवं असेल तर अपघातात गेलेल्यांची ग्रंथी मोजा. १९३१ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या समितीनंही असा आजार अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. किरण तरीही चालूच राहिले. १९५० मध्ये लक्षात आलं, की थायरॉइडचा कर्करोग झालेल्या कित्येक मुलांना तान्हेपणी हेच उपचार मिळाले होते.

आबांची नजर वेगळी का पडली, याचा मी खूप विचार केला आहे. त्यांच्या हाताखाली धडधाकट पालवंही येत होतं आणि आजारीही. दोन्ही शेजारीशेजारी पाहायला मिळणं, एवढीच गोष्ट युरोपातल्या मोठमोठ्या प्रेतागारांत नव्हती.

ग्रंथीचं काम कळलं ते १९६१ मध्ये. लंडनमध्ये उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस काढली. ती पिल्लं संसर्गानं मरू लागली आणि दुसऱ्या उंदराची कातडी लावली तरी त्यांचं शरीर ती नाकारेना. अस्थिमज्जेतून आलेल्या पांढऱ्या पेशी थायमसच्या बाहेरच्या थरात वाढतात आणि आतल्या गाभ्याकडे सरकताना पारखल्या जातात. आपल्याच शरीरावर उठेल अशी पेशी तिथंच मारली जाते. शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक पेशी बाहेर पडतच नाहीत. ज्या पडतात त्या टी पेशी, आणि आयुष्यभर रोगांशी लढण्याचा भार त्यांच्यावर असतो.

थायमससारखीच मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीची ओळखही मला दुकानातच झाली होती, नकळत. मुंडी फोडून भेजा अखंड काढायचं कसब आबांकडे होतं. पुढे कोल्हापुरातच शिकवायला लागलो तेव्हा विद्यार्थ्यांसाठी मी मुंड्या मागवत असे. मेंदूचे दोन्ही गोलार्ध मागून अलगद दूर केले, की मधोमध तुरीच्या दाण्याएवढी राखाडी-तांबूस ग्रंथी दिसते. मेंदूतले बहुतेक भाग जोडीनं असतात, ही मात्र एकटी. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं याच एकटेपणावरून आत्म्याचं मुख्य ठाणं तिच्यात मानलं. त्यानं १६३९च्या एका पत्रात लिहिलंय, की ॲम्स्टरडॅममधल्या एका हिवाळ्यात तो जवळजवळ रोज खाटकाकडे जायचा आणि हवे ते अवयव घरी आणवून चिरायचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या धंद्याचा अभिमान वाटला.

पिनिअल आत्म्याचं ठाणं ठरली नाही. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर कोडावर औषध शोधत होते. गाईबैलांच्या पिनिअलच्या अर्कानं बेडकाच्या पिल्लांची कातडी फिकट होते, हे १९१७ मध्येच दिसलं होतं. लर्नर यांनी कत्तलखान्यांतून लाखभराहून अधिक पिनिअल ग्रंथी मिळवल्या आणि १९५८ मध्ये त्यांतून अत्यल्प द्रव्य वेगळं काढलं, मेलाटोनिन. कोडाला त्याचा उपयोग झाला नाही. पण अंधार पडला की ही ग्रंथी ते द्रव्य रक्तात सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं, हे त्यातून उलगडत गेलं. सरड्यात या भागाशी नातं असलेला, उजेड टिपणारा डोळा आजही टाळूवर असतो. माणसात ही ग्रंथी खोल गेली असून डोळ्यांकडून येणाऱ्या खबरीवरच चालते. वयानुसार तिच्यात चुन्याचे कण साचतात. सीटी स्कॅन येण्यापूर्वी डोक्याच्या एक्स-रेत हे कण मध्यरेषेवरून सरकलेले दिसले, की मेंदूत एका बाजूला गाठ किंवा रक्तस्राव असल्याचा संशय घेतला जाई.

थायमसचं प्रकरण मात्र अजून मिटलेलं नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात बाळांची थायमस सोनोग्राफीनं मोजली, तेव्हा धान्य सरत आलेल्या पावसाळी महिन्यांत ती लहान भरली. आबांनी पालव्याच्या गळ्यात बोट घालून जे सांगितलं तेच हे. आमच्या जिल्ह्यात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांची तान्ही पोरं फडाच्या बांधावर, थंडीत, पाचटाच्या खोपीत वाढतात. लस टोचायला आरोग्यसेविका गेली तरी त्या पोराच्या छातीत लसीला उत्तर देणारी ग्रंथी किती उरली आहे, हे कुणी पाहत नाही. तपासणी काही मिनिटांची आहे, सुई लागत नाही, मशीन तालुक्याच्या गावात असतं. ती करावी आणि ग्रंथी आटलेली निघाली तर त्या पोराच्या आणि त्याच्या आईच्या खाण्याची सोय हंगाम संपेपर्यंत साखर कारखान्यानं करावी, अशी माझी मागणी आहे.