सरकती लाली

१९७५च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या आरोग्य खात्याकडे एका बाईंनी तक्रार नोंदवली. नाव पॉली मरे, राहणार लाइम, चित्रकार, चार मुलांची आई. बरीच वर्षं त्या स्वतः आजारी होत्या. कधी अंगावर चट्टे, कधी ताप, कधी सांधे सुजलेले. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाऊन झालं, तपासण्या झाल्या, हाती काही लागलं नाही. हे सगळं मनाचं दुखणं आहे, असंही त्यांना ऐकवलं गेलं. मग मुलांचे गुडघे सुजू लागले, नवऱ्याचाही सुजला. बाईंनी वही घातली. कोणाला, कोणत्या तारखेला, कुठे चट्टा आला आणि कोणता सांधा धरला, हे त्या टिपून ठेवू लागल्या. शेजारीपाजारी चौकशी केली, तेव्हा वहीत बाहेरचीही नावं चढत गेली.

त्याच सुमाराला शेजारच्या ओल्ड लाइम गावातल्या आणखी एका आईनेही असंच कळवलं. तिच्या लहान मुलीला बालसंधिवात असल्याचं निदान झालं होतं आणि आसपासच्या आणखी काही मुलांना नेमकं तेच निदान मिळालं होतं. बालसंधिवात हा दुर्मीळ आजार. तो एका आळीत चार-पाच घरांना कसा होईल, हा या आईचा साधा प्रश्न होता. मला या साऱ्या कहाणीत हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, कारण प्रत्येक डॉक्टरला एकच मूल दिसत होतं आणि या दोन बायकांना आळी दिसत होती.

आरोग्य खात्याचे डॉ. डेव्हिड स्निडमन यांनी हे मनावर घेतलं आणि येल विद्यापीठात संधिवाताचं प्रशिक्षण घेणाऱ्या डॉ. अ‍ॅलन स्टीअर यांना कळवलं. स्टीअर यांनी आधी साथींचा माग काढण्याचं शिक्षण घेतलं होतं. पॉली मरे त्यांना भेटायला गेल्या, त्या नावांची यादी घेऊनच. त्यानंतर लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम ही तीन गावं पिंजून काढण्यात आली. तिन्ही मिळून वस्ती सुमारे १२ हजार. त्यात ५१ रुग्ण सापडले, ३९ मुलं आणि १२ मोठी माणसं. काही रानातल्या रस्त्यांवर तर दर दहा मुलांमागे एक आजारी होतं. बहुतेकांचं दुखणं उन्हाळ्यात किंवा शरदाच्या तोंडावर सुरू झालेलं. म्हणजे हा संधिवात ऋतू पाहून आणि रस्ता पाहून येत होता. १९७७ साली स्टीअर यांनी हे प्रसिद्ध केलं आणि आजाराला नाव दिलं: लाइम आर्थ्रायटिस.

नावाचं मूळ आणखी मागे जातं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात लाइम रीजिस नावाचं बंदर आहे. तिथे लिम नावाची छोटी नदी समुद्राला मिळते, गावाचं नाव तिच्यावरून. १२८४ साली पहिल्या एडवर्ड राजाने गावाला सनद दिली, म्हणून पुढे ‘रीजिस’, राजाचं. सतराव्या शतकात अटलांटिक ओलांडून गेलेल्या वसाहतवाल्यांनी कनेक्टिकट नदीच्या मुखाशी नवं गाव वसवलं आणि १६६७ साली त्याला जुन्या गावाचं नाव दिलं. नदीचं नाव गावाला, त्या गावाचं दुसऱ्या गावाला आणि तिथून आजाराला. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलाचंही १९५७ साली हेच झालं. आपण ज्याला माकडताप म्हणतो, त्याचं वैद्यकातलं नाव क्यासनूर जंगलाचा आजार असंच आहे. गावांना असा बट्टा लागू नये म्हणून २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने नव्या आजारांना स्थळांची नावं देऊ नका, असं सुचवलं. लाइमसाठी हे शहाणपण चाळीस वर्षं उशिरा आलं.

पण गावाच्या नावाहून मला त्या नावाचा दुसरा शब्द अधिक खटकतो: आर्थ्रायटिस. आजाराची ओळख सांध्यांवरून झाली, पण सुरुवात सांध्यांपासून होत नव्हती. ५१ पैकी १३ जणांना, म्हणजे दर चौघांतल्या एकाला, सांधे धरण्यापूर्वी सुमारे चार आठवडे कातडीवर एक लाल पुळी आल्याचं आठवत होतं. ती पसरत पसरत मोठं वर्तुळ झाली होती. ही पुळी अमेरिकेत बहुतेकांना अपरिचित होती. युरोपात मात्र तिला ६० हून अधिक वर्षांपासून नाव होतं.

१९०९ साली स्टॉकहोममध्ये अर्विद अफझेलियस या त्वचारोगतज्ज्ञाने एक रुग्ण मांडली होती. गोचीड चावलेल्या जागेभोवती तिच्या अंगावर लाल कडं उमटलं होतं आणि ते दिवसागणिक बाहेर सरकत होतं. त्याने नाव दिलं एरिथेमा मायग्रन्स, मराठीत सांगायचं तर सरकती लाली. १९१३ साली व्हिएन्नाच्या लिपशुट्झ यांनी असाच चट्टा महिनोन्‌महिने टिकलेला पाहिला. १९२२ साली फ्रान्समध्ये गारें आणि बुजादू यांनी वेगळीच गोष्ट नोंदवली. त्यांच्या रुग्णाला गोचीड चावली, लाली उमटली आणि मग नसांमधून असह्य चमका येऊन स्नायू लुळा पडला. १९४१ साली जर्मनीत बॅनवार्थ यांनी नसांच्या याच दुखण्याचं सविस्तर वर्णन केलं. कातडीवाल्यांनी कातडी पाहिली, मज्जातंतूवाल्यांनी नसा पाहिल्या. स्वीडनमध्ये तर १९५०च्या आसपास पेनिसिलिन देऊन ही लाली बरीही केली जात होती. म्हणजे जंतूचा पत्ता लागण्याआधी औषध सापडलं होतं, पण ते त्वचारोगाच्या नियतकालिकांत पडून राहिलं. लाइमच्या मुलांचे गुडघे पाहणाऱ्यांना सुरुवातीला हा विषाणूचा आजार असावा असं वाटत होतं.

लालीमुळे स्टीअर युरोपातल्या त्या जुन्या नोंदींपर्यंत पोचले आणि तिथून गोचिडीपर्यंत. पुढच्या उन्हाळ्यांत रुग्णांना विचारताना एकाने तर चावलेली गोचीड जपून ठेवलेली निघाली. कनेक्टिकट नदीच्या पूर्व काठावर रुग्ण पश्चिमेपेक्षा कित्येक पटींनी अधिक होते आणि गोचिडीही तिथेच अधिक होत्या. हळूहळू हृदयाचे ठोके चुकणारे रुग्ण आले, चेहरा वाकडा झालेले आले. मग आर्थ्रायटिस हा शब्द गळाला आणि लाइम डिसीझ हे नाव रुळलं.

जंतू सापडला १९८१च्या शरदात, आणि तोही दुसरंच काही शोधताना. विली बर्गडॉर्फर हे मूळचे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे. मोंटाना राज्यातल्या हॅमिल्टनच्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत ते गोचिडींमुळे येणाऱ्या ठिपक्यांच्या तापाचा अभ्यास करत होते. न्यूयॉर्क राज्यातल्या शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडींची आतडी चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना बारीक, मळसूत्री, वळवळणारे जीव दिसले. दुसऱ्या कोणी ते बाजूला सारले असते. पण बर्गडॉर्फर यांची डॉक्टरेट आफ्रिकेतल्या गोचिडींच्या पोटातल्या अशाच मळसूत्री जंतूंवर होती. त्यांनी ओळख ताबडतोब पटवली. अर्ध्याहून अधिक गोचिडींत तो जंतू होता. १९८२ साली ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं आणि १९८४ साली जंतूला बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव मिळालं.

गोचीड म्हटली की आपल्यासमोर येते गाईच्या कानात नाहीतर कुत्र्याच्या मानेवर टम्म फुगलेली, एरंडीएवढी गोचीड. या एरंडीच्या उपमेचं मूळ फार जुनं आहे. लॅटिनमध्ये गोचिडीला रिसिनस म्हणत. एरंडाची बी तशीच दिसते म्हणून एरंडाचं शास्त्रीय नाव पडलं रिसिनस कम्युनिस, आणि युरोपात हा आजार पसरवणाऱ्या गोचिडीचं नाव इक्सोडिस रिसिनस. अमेरिकेतली तिची बहीण आहे इक्सोडिस स्कॅप्युलारिस. पण एरंडीएवढी गोचीड कोणालाही दिसते, आणि बहुतेक माणसांना बाधा होते ती त्या आकाराकडून नाही. रक्त न प्यायलेली पूर्ण वाढलेली गोचीड तिळाएवढी असते आणि त्याआधीच्या अवस्थेतली अल्पवयीन गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी. मे ते जुलै या महिन्यांत तिचाच सुळसुळाट असतो. चावा दुखत नाही, कारण तिच्या लाळेत बधिर करणारी द्रव्यं असतात. म्हणून बहुतेक रुग्णांना गोचीड चावल्याचं आठवतच नाही. मात्र ती चिकटल्या क्षणी जंतू देत नाही. तो अंगात उतरायला साधारणपणे २४ तासांहून अधिक वेळ लागतो. वाचण्याची संधी त्या तासांत असते.

लाली चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत उमटते, बहुधा आठवडाभरात. दर दहा रुग्णांतल्या सात-आठ जणांना ती येते. हाताला किंचित गरम लागते, पण सहसा खाजत नाही, ठणकत नाही. दिवसागणिक वाढते आणि ३० सेंटिमीटरपर्यंतही जाऊ शकते. पुस्तकांत तिचं चित्र बहुतेक वेळा नेमबाजीच्या लक्ष्यासारखं, कड्यात कडं असं दाखवतात. या चित्राने बरंच नुकसान केलं आहे असं माझं मत आहे, कारण अमेरिकेत बऱ्याच रुग्णांचा चट्टा आतून-बाहेरून एकसारखाच लाल असतो. शिवाय तो लाल दिसतो गोऱ्या कातडीवर. सावळ्या अंगावर तो तपकिरी, जांभळट, मुका मार लागल्यासारखा दिसतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये हा आजार पुढच्या टप्प्यावर उघड होण्याचं प्रमाण अधिक आढळलं आहे, आणि त्यामागे लाली नजरेतून सुटणं हे एक कारण मानलं जातं.

हे मी मराठीत लिहितोय ते यासाठीच. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स ही मराठी घरांची राज्यं आणि हीच लाइमची राज्यं. परसाच्या मागे झाडी, झाडीत हरणं आणि पांढऱ्या पायांचे उंदीर. बाळगोचिडीला जंतू मिळतो तो प्रामुख्याने या उंदराकडून. जूनमध्ये शाळा सुटली की ही मुलं पुण्याला, नाशिकला आजोळी येतात. चावा तिथला आणि चट्टा इथे, असं सहज होऊ शकतं. इथे गोल वाढणारा चट्टा म्हटलं की पहिलं नाव येतं गजकर्णाचं. गजकर्ण खाजतं, त्याच्या कडेला खवले असतात, ते सावकाश वाढतं. ही लाली गुळगुळीत असते, खाजत नाही आणि चार दिवसांत तळहाताएवढी होते. डॉक्टरांना प्रवास सांगितला नाही तर त्यांना हे सुचणं कठीण, कारण भारतात या आजाराच्या नोंदी तुरळक आहेत. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गोचिडीमुळे येणारा माकडताप हा विषाणूचा, अगदी वेगळा आजार. त्यात असा चट्टा नसतो.

लालीबरोबर ताप, थंडी, डोकेदुखी, अंगदुखी, थकवा येतो. भर उन्हाळ्यात फ्लूसारखा ताप आणि सर्दी-खोकला मात्र नाही, ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी. दुर्लक्ष झालं तर काही आठवड्यांत जंतू रक्तातून पसरतो. अंगभर अनेक चट्टे येतात. चेहऱ्यावरून वारं जावं तसं तोंड एका बाजूला, क्वचित दोन्ही बाजूंना लुळं पडतं. मान आखडते. जंतू हृदयाकडे गेला तर चक्कर, धडधड, भोवळ. असं होण्याचं प्रमाण थोडं, पण ते जिवावर बेतू शकतं. महिन्यांनंतर येतो सुजलेला सांधा, बहुतेकदा गुडघा. सूज बघवत नाही एवढी आणि दुखणं मात्र त्या मानाने कमी.

हा आजार ५ ते १४ वर्षांच्या मुलांत आणि पन्नाशीच्या आसपासच्या माणसांत जास्त दिसतो, म्हणजे गवतात लोळणाऱ्यांत आणि बागकाम करणाऱ्यांत. मोठ्यांना गोचीड बऱ्याचदा गुडघ्यामागे, जांघेत, काखेत धरते. मुलांना डोक्यात, कानामागे, मानेवर. केसांत उमटलेली लाली आईलाही दिसत नाही, म्हणून काही मुलांत पहिलं दृश्य लक्षण वाकडं झालेलं हसूच असतं. मोठा माणूस गुडघा दुखतो म्हणून सांगतो. लहान मूल लंगडतं, खेळात मागे राहतं, चिडचिड करतं, आणि घरच्यांना वाटतं कुठे पडलं असेल. युरोपातल्या मुलांत कधी कानाच्या पाळीवर निळसर-लाल गाठ येते, तीही याच जंतूची.

रक्ततपासणीत जंतू नव्हे, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधतात आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून ताज्या लालीचं निदान डोळ्यांनी करायचं असतं. अहवाल कोरा आला तरी उपचार थांबवायचे नसतात. डॉक्सिसायक्लिन किंवा अमॉक्सिसिलिन, साधारण १० ते १४ दिवस. वेळेवर घेतलं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. काहींचा थकवा आणि अंगदुखी उपचारानंतरही काही महिने रेंगाळते. त्यांना ‘मनाचं आहे’ म्हणणारे आजही भेटतात.

पॉली मरे २०१९ साली गेल्या. त्यांनी आपल्या लढ्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो विस्तारत जाणारं वर्तुळ. १९९६ साली ते निघालं. कातडीवरचं वर्तुळ आणि वहीतल्या नावांचं वर्तुळ, दोन्ही त्या नावात आहेत.

पूर्वी दुपारी ओसरीवर बसून आया-आज्या मुलींच्या डोक्यातल्या उवा बघायच्या. न्यू जर्सीत एडिसनमधल्या नाहीतर प्रिन्स्टनमधल्या घरी जूनच्या संध्याकाळी तीच बोटं मुलांच्या केसांतून फिरवायची, कानामागे, मानेवर, बेंबीत, काखेत. खसखशीएवढा दाणा हाताला लागला आणि पुसून निघाला नाही, तर अणकुचीदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. तेल, व्हॅसलीन, काडीचा चटका यांतलं काही नाही. जागा साबणाने धुवायची. मग स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे चतुर्थी आणि दूधवाल्याचे हिशेब असतात तिथेच, त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं: गोचीड, डावा कान. पुढचे तीस दिवस त्या कानावर नजर ठेवायची.