निवाड्यानंतरचा पहिला हंगाम : खानदेशातील कर्जनिवारणाची दुसरी बाजू

१/ शेतकरी कर्जबाजारी कसा झाला, यावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. कर्जफेडीचा रीतसर निवाडा हाती पडल्यावर त्याचे पहिले वर्ष कसे जात असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आजचा धागा त्या पहिल्या वर्षाविषयी आहे. स्थळ : पूर्व व पश्चिम खानदेश, म्हणजे स्थूलमानाने आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार. काळ : विसाव्या शतकाचा मध्य.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोहोचली. कपाशीचा पेरा वाढला, सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले. खतावणीतले आकडे मात्र जागचे हलले नाहीत.

३/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांच्या वह्या व कर्जखते जाळली गेली. त्या उठावाची परिणती १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात झाली. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांनाच लागू होता. खानदेश त्यातून वगळलेला होता. त्याची पाळी विसाव्या शतकाच्या आरंभी आली.

४/ या कायद्याने न्यायालयास कर्जखतामागचा सारा व्यवहार मुळापासून तपासण्याचा, दामदुपटीची मर्यादा पाळण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. कर्जापायी होणारी कैदही थांबवली. परंतु सावकारही शहाणा झाला. गहाणखत न्यायालयात उलगडले जाते, हे ओळखून तो सरळ खरेदीखत लिहून मागू लागला. कागदावर विक्री, तोंडी वचन मात्र एवढेच की पैसे फेडलेस तर जमीन परत देईन.

५/ १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने खानदेशाच्या मर्मावरच घाव घातला. कापूस हे येथील रोख पैशाचे पीक. भाव घसरल्यावर कर्जाचा आकडा तोच राहिला, पण तेवढेच रुपये उभे करण्यासाठी कितीतरी अधिक कापूस विकावा लागू लागला. नवे कर्ज न काढताही शेतकऱ्याचा बोजा वाढला तो असा.

६/ डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन, एवढे आपल्याला शाळेत शिकवले जाते. पण तेथे एक शेतीविषयक कार्यक्रमही संमत झाला होता. ग्रामीण कर्जाच्या चौकशीसाठी विशेष न्यायाधिकरणे नेमावीत, अन्याय्य व न झेपणारी कर्जे रद्द करावीत, तोवर वसुली स्थगित ठेवावी आणि स्वस्त पतपुरवठ्याची सोय करावी, अशा मागण्या त्यात होत्या. यांतील शेवटची मागणी लक्षात ठेवा.

७/ १९३७ च्या निवडणुकीनंतर बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि १९३९ मध्ये मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायदा संमत झाला. त्याच वर्षी युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुढे महायुद्धाच्या काळात कर्ज तडजोड मंडळे टप्प्याटप्प्याने कामास लागली. १९४७ मध्ये त्या जागी सुधारित कायदा आला आणि मंडळांचे काम दिवाणी न्यायालयांकडे गेले. अर्जाची मुदत होती १ ऑगस्ट १९४७ पूर्वीची. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना हजारो घरांत चर्चा चालली असेल ती या तारखेची.

८/ आता प्रक्रिया पाहू. एकूण कर्ज १५,००० रुपयांपेक्षा अधिक नसलेल्या शेतकऱ्यास अर्ज करता येई. धनकोलाही आपले येणे नोंदवावे लागे. न नोंदवलेले कर्ज कायद्याने बुडीत ठरे. न्यायालय हिशेब नव्याने मांडी. मंदीपूर्वीच्या जुन्या कर्जाला अधिक सूट, नंतरच्या कर्जाला कमी. खरेदीखताआड लपलेले गहाण उघडे पाडण्याचा अधिकारही न्यायालयास होता. १८७९ नंतरची पळवाट अशा रीतीने बुजवली गेली.

९/ शेवटी येई तो निवाडा. शेतकऱ्याची फेडण्याची ऐपत ठरवून उरलेली रक्कम वार्षिक हप्त्यांत विभागली जाई. हप्ते जास्तीत जास्त बारा. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ : ३,६०० रुपयांचे कर्ज २,४०० वर आले आणि बारा हप्ते बांधले गेले, तर वर्षाला २०० रुपये. कागदावर हा मोठाच दिलासा होता.

१०/ आता हाच कागद खानदेशी वर्षाच्या चौकटीत ठेवून पाहा. आखाजीला शेतीचे साल पालटते. सालदार ठरतो, त्याला उचल द्यावी लागते. मृगापूर्वी बियाणे हवे, बैलजोडीची सोय हवी. पावसाळाभर निंदणी-कोळपणीची मजुरी आहेच. कापूस घरात येतो तो दिवाळीच्या आगेमागे. आखाजी ते दिवाळी या सहा महिन्यांत पैसा फक्त बाहेर जातो.

११/ आजवर हे सहा महिने सावकाराच्या भरवशावर निघत. ज्याला न्यायालयात खेचले, ज्याचे येणे कापले गेले, तो यंदा बियाण्याला पैसे का देईल? शिवाय शेतकऱ्याजवळ तारण तरी काय उरले? निवाड्यातील देणे फिटेपर्यंत न्यायालयाच्या परवानगीवाचून जमीन विकण्यास वा गहाण टाकण्यास मनाई होती. जमीन वाचावी म्हणून घातलेले हे बंधन पत मिळण्याच्याही आड येत होते.

१२/ आणि हप्ता चुकला तर? धनकोला थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करून घेता येई. म्हणजे पूर्वी मुनीम दारात येत असे, आता सरकारी यंत्रणा येणार. सावकाराची मिनतवारी करून मुदत वाढवून घेता येई, पीक पाहून तडजोड होई. निवाड्याची तारीख मात्र पाऊस पाहत नव्हती.

१३/ कायदा करणाऱ्यांना याची जाण नव्हती, असे म्हणता येत नाही. निवाड्याच्या प्रक्रियेत असलेल्या शेतकऱ्यांना हंगामापुरते कर्ज देण्यासाठी सहकारी संस्था व अन्य व्यक्तींना प्राधिकृत करण्याची तरतूद कायद्यातच होती. सरकारी तगाईचा जुना मार्गही होता. फैजपूरच्या ठरावातील स्वस्त पतपुरवठ्याची मागणी ती हीच. प्रश्न होता तो या व्यवस्थेच्या आवाक्याचा.

१४/ त्याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत मिळते. १९५१–५२ मध्ये देशभरातील शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता अवघा ३.१ टक्के आणि सरकारचा ३.३ टक्के. व्यावसायिक व शेतकरी सावकार मिळून जवळजवळ ७० टक्के. हे आकडे केवळ खानदेशाचे नाहीत, परंतु निवाडा घेऊन घरी परतलेल्या शेतकऱ्यापुढील वाट किती अरुंद होती, हे त्यांतून उमगते.

१५/ मग लोकांनी निभावले कसे? दोन गोष्टींचा आधार मिळाला असावा. एक, युद्धकाळातील भाववाढ : शेतमालाचे भाव चढले आणि ठरलेला हप्ता तुलनेने हलका झाला. मंदीने जे केले होते, त्याच्या नेमके उलट. दोन, नियंत्रित बाजार : १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याखाली आलेल्या सुरुवातीच्या बाजारांत धुळ्याचा समावेश होतो. उघड भाव आणि प्रमाणित वजनमापे मिळाली, तर त्याच कापसातून चार रुपये अधिक हाती येत. हप्त्याच्या वर्षी ते चार रुपये मोलाचे होते.

१६/ या कथेबाहेर राहिलेल्या माणसाचीही नोंद हवी. कायद्याचा ‘ऋणको’ जमीन कसणारा होता. उचलीच्या फेडीसाठी साल-दरसाल राबणारा भूमिहीन सालदार त्या व्याख्येत बसत नव्हता. मालकाचे कर्ज कापले गेले, तरी सालदाराची उचल जशीच्या तशी राहिली. वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा देशाने केला तो १९७६ मध्ये.

१७/ या इतिहासाचे आज काय करायचे? २०१७ च्या राज्य कर्जमाफीत दीड लाखांपर्यंतची थकबाकी माफ होती. त्याहून अधिक थकबाकी असणाऱ्याला वरची रक्कम आधी भरावी लागत होती. अशा प्रत्येक योजनेनंतर आपण किती कोटी माफ झाले ते मोजतो. खानदेशाचा इतिहास दुसरा प्रश्न विचारायला शिकवतो : त्यानंतरच्या पहिल्या पेरणीला पैसा कोणी दिला? जुने कर्ज किती कापले, यावरून कायद्याची उदारता कळते. पुढच्या जून महिन्यात शेतकरी कोणाच्या दारी उभा राहिला, यावरून कायद्याचे यश कळते.

१८/ तुमचे घर खानदेशातले असेल, तर जुन्या पेटीत एकदा डोकावून पाहा. १९४० च्या दशकातला ‘निवाडा’, ‘हप्ता’, ‘तडजोड’ असे शब्द असलेला एखादा कागद कदाचित सापडेल. सापडलाच, तर रकमेबरोबर तारखाही वाचा. कोणता हप्ता वेळेवर गेला आणि कोणता चुकला, हे त्या वर्षीच्या पावसाशी ताडून पाहा. कुटुंबाचा इतिहास अशाच समासांत लिहिलेला असतो.